पाचवी खुंटी

बाबांच्या रक्षाविसर्जनाला आप्पासाहेब खोचगे बावीस मिनिटं बोलले. त्यातली एकोणीस मिनिटं ते स्वतःबद्दल बोलले आणि उरलेल्या तीन मिनिटांत त्यांनी बाबांचं मशीन देऊन टाकलं.

आमच्या कृष्णाकाठी माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी घाटावर भाषणं होतात. राख अजून कोमट असते, पण वक्ते तयार असतात. पोकळी निर्माण झाली, आधारवड कोसळला, कालच तर भेटले होते. हे सगळं मी इतरांच्या वेळी इतकं ऐकलं होतं, की बाबांच्या वेळी पुढचं वाक्य मनात आधीच म्हणून टाकत होते. आप्पासाहेब आमच्या औद्योगिक वसाहतीच्या उद्योजक संघाचे अध्यक्ष. चौदा वर्षं तेच अध्यक्ष. त्यांची मिशी टोकाशी वर वळलेली होती आणि बोलताना ते ती आणखी वर वळवत.

"वामनमिस्त्री गेले नाहीत!" ते म्हणाले. समोर राख होती. "ते आपल्या संघाच्या प्रशिक्षण केंद्रात जिवंत राहणार आहेत. त्यांचे बंधू नारायणराव यांनी मिस्त्रींचं सीएनसी मशीन केंद्राला अर्पण करायचं ठरवलेलं आहे."

मागे कोणीतरी टाळी वाजवली. मग आपण कुठे आहोत हे आठवून त्याने हात जोडले.

मी नानाकाकांकडे पाहिलं. बाबांचे हे धाकटे भाऊ डोळे मिटून मान डोलवत होते. संघाच्या कार्यकारिणीत एक जागा रिकामी होती, आणि काका तिच्याकडे तीन वर्षं डोळे लावून बसले होते.

घाटाच्या पायऱ्या चढताना मी म्हटलं, "काका, मशीन माझं आहे."

"शले, चार माणसांत शब्द गेलाय आता."

"तुमचा गेलाय."

"तू ग्रंथपाल बाई. कॉलेजात पुस्तकं लावायची का मशीन फिरवायचं? गंज चढंल त्याला. त्यापेक्षा भाऊचं नाव राहील की केंद्रात. पितळी पाटी लावणार आहेत."

"पाटीवर कुणाचं नाव?"

"भाऊचं." काका दोन पायऱ्या चढले. "खाली अध्यक्षांचं."

ते मशीन म्हणजे चार बाय आठ फुटांचं टेबल. त्यावरून एक पूल पुढेमागे सरकतो, पुलावर हत्यार धरणारा हात असतो, आणि संगणक सांगेल त्या रेषेवरून तो हात चालतो. बाबांनी ते लाकूड कापायला घेतलं होतं. मग एके दिवशी त्यांनी कापायचं पातं काढून तिथे पितळी नळीत एक मार्कर बसवला. टोक दाबून फुटू नये म्हणून नळीत स्प्रिंग घातली. त्या दिवसापासून आमचं मशीन चित्रं काढायला लागलं. एक रंग संपला की मशीन हात वर करून थांबायचं. आपण मार्कर बदलायचा, जुन्याला टोपण घालायचं. बाबा टोपणं हरवू नयेत म्हणून बोटांत घालून उभे राहायचे. डाव्या हाताची तर्जनी लेथमध्ये अर्धी गेली होती. काळ्या रंगाचं टोपण तिच्यावर. "देवानं हे बोट टोपणासाठीच बेतलंय," म्हणायचे.

शाळांसाठी ते दोन्ही बाजूंनी रंगवलेले तक्ते करत. एका बाजूला माणूस, उलट बाजूला त्याचाच सांगाडा, छातीच्या बरोबर मागे फासळ्या. जाड पांढऱ्या शीटच्या चार कोपऱ्यांना चार भोकं आणि वरच्या कडेला मधोमध एक. टेबलावर त्याच जागी पाच खुंट्या. कारखान्यात त्याला डॉवेल म्हणतात, पण बाबा सुताराच्या घरातले, ते खुंटीच म्हणत. एक बाजू झाली की शीट उचलायची, उलटायची, परत खुंट्यांवर बसवायची.

गेली सहा वर्षं दर रविवारी ते मशीन मीच चालवत होते. बाबांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

दहाव्यानंतर आप्पासाहेब शेडवर आले. सोबत काका आणि अध्यक्षांचा पुतण्या विश्वजित. तो पुण्याहून कसलासा कोर्स करून आला होता आणि प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख झाला होता. केंद्रात तोवर प्रमुख होता, खुर्च्या होत्या, मशीन नव्हतं.

"शोकसभा रविवारी," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्या मनात एक कल्पना आहे. मिस्त्रींचं चित्र, मिस्त्रींच्याच मशीनवर, दोन्ही बाजूंनी रंगीत! विश्वजित काढेल. लोकांना केंद्राचं काम पण कळेल."

"दोन्ही बाजूंनी बाबा?" मी विचारलं.

"एका बाजूला मिस्त्री. आणि दुसऱ्या बाजूला..." ते विनयाने थांबले.

"आप्पासाहेब," काकांनी पूर्ण केलं.

"नको ओ नारायणराव."

"नको कसं? शोकाकुल म्हणून कोणतरी पायजेच की."

"बघा बुवा. तुमचा सगळ्यांचा आग्रहच असेल तर."

शेडमध्ये आम्ही चौघंच होतो. आग्रह करणारे एकटे काका.

"सभागृहात दारासमोरच टांगू," आप्पासाहेब पुढे म्हणाले. "येताना लोकांना मिस्त्री दिसतील, जाताना मी."

"जाताना तुम्ही?"

काकांना खोकला आला. विश्वजितने छताकडे पाहिलं.

तेव्हा मी म्हटलं, "आप्पासाहेब, चित्र नीट निघालं तर मशीन घेऊन जा. मी सही करून देते. पण नाही निघालं तर?"

"नाही कसं निघेल? विश्वजित इंजिनियर आहे."

"तरी पण."

त्यांनी मिशीला हात लावला. "नाही निघालं तर ठेवा तुमचा गाडा तुमच्याकडे. खोचग्यांचा शब्द आहे. नारायणराव साक्षी."

काकांनी मान डोलवली. मान डोलवणं हा त्यांचा त्या महिन्यातला मुख्य व्यवसाय होता.

शनिवारी सकाळी विश्वजित लॅपटॉप घेऊन आला. बाबांचा फोटो त्याने फ्लेक्सवाल्याकडून तयार करून आणला होता. फोटोत बाबांनी निळा कोट घातला होता, लाल टाय लावला होता. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. पण फ्लेक्सवाल्याकडे एकच कोट असतो, आणि आमच्या तालुक्यातले सगळे पुरुष मेल्यावर तोच घालतात.

"टाय काढता येईल का?" मी विचारलं.

"ताई, काकांनी पास केलंय." त्याच्या काकांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी.

त्याने शीट पाच खुंट्यांवर बसवली आणि मशीन सुरू केलं. ते त्याला येत होतं, हे मान्य केलं पाहिजे. आधी निळा, मग लाल, मग कातडीचा तपकिरी. तो प्रत्येक रंगाला टोपण काढून खिशात टाकत होता आणि मग खिसे चाचपत होता. शेवटी काळा आला. काळ्याने कपाळावरच्या आठ्या काढल्या, भुवई काढली, आणि डोळ्यांच्या कडेला त्या तीन बारीक रेषा काढल्या. मार्करचं टोक शीटवर चिमणीसारखं चिवचिवत होतं. हसायच्या आधी बाबांच्या डोळ्यांशी त्या रेषा यायच्या. आता त्या आल्या, आणि हात वर करून मशीन थांबलं.

मी पाणी प्यायला बाहेर गेले. पाणी न पिताच परत आले.

विश्वजित टेबलाच्या समोरच्या कडेला उभा होता. शीट चार फूट उंच, तीन फूट रुंद. त्याने ती आपल्याकडची कड धरून वर उचलली आणि तव्यावरची भाकरी उलथावी तशी पलीकडे टाकली. कोपऱ्यांची चार भोकं चार खुंट्यांवर बसली. पण वरच्या कडेला मधोमध शीट फुगून राहिली. खालून पाचवी खुंटी टोचत होती.

त्याने हाताने दाबलं. बसेना.

"ताई, मिस्त्रींनी ही मधली खुंटी कशाला ठोकलीय ओ?"

"बाबांनीच बसवलीय ती."

"ते दिसतंय की. पण कशाला? चार बास झाल्या असत्या."

"बसवलीय म्हणजे काहीतरी असेल."

हे मी कॉलेजात ज्या आवाजात 'पुस्तक कपाटात आहे' असं सांगते, त्या आवाजात सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणखी काही येतंय का, याची तो जरा वेळ वाट बघत होता, असं मला तेव्हाही वाटलं होतं. मग त्याने पक्कड घेतली, शीटचा काठ उचलला आणि खुंटी ओढून काढली.

"जुन्या माणसांची कामं," म्हणाला, आणि ती ट्रेमध्ये टाकली.

शीट सपाट बसली. मशीनने आप्पासाहेब काढायला सुरुवात केली. फेटा केशरी, मिशी काळी. फेट्यालाच दोन मार्कर संपले. काम झाल्यावर विश्वजितने ओल्या चित्रावर फुंकर घातली, शीट उभी केली, आपल्या काकांकडे कौतुकाने पाहिलं आणि लाल कापडात गुंडाळून घेऊन गेला.

मी ट्रेमधली खुंटी उचलली, पुसली आणि पर्समध्ये ठेवली.

रविवारी सभागृह भरलं होतं. वसाहतीतल्या सभांना एवढी गर्दी होत नाही. बाबांनी प्रत्येकाचं काही ना काही दुरुस्त करून दिलेलं होतं. दारासमोर, दोन पंख्यांच्या मध्ये, शिपायाने ते चित्र टांगलं होतं. शीटच्या वरच्या कडेला मधोमध आयतं भोक सापडलं म्हणून तो खूश होता. बाबांचा चेहरा सरळ आहे एवढं त्याने कापड उचलून बघितलं होतं. गेलेला माणूस सरळ असला की शिपायाचं काम संपतं.

मी पहिल्या रांगेत बसले. शेजारी काका, नव्या पांढऱ्या शर्टात. त्यांच्या पलीकडे बाबू लाटकर, बाबांचे जुने टर्नर मित्र. ते मगापासून रुमालाने डोळे पुसत होते.

आप्पासाहेब उभे राहिले. "मिस्त्री आणि मी," ते म्हणाले, "वेगळे नव्हतो. ज्यांना मिस्त्री समजले, त्यांना मी समजलो. आज हे चित्र तुम्हाला तेच सांगेल."

त्यांनी दोरी ओढली. लाल कापड खाली पडलं. कोटातले, टायमधले बाबा सगळ्यांकडे पाहू लागले. सभेने हात जोडले. लाटकरांना हुंदका आला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आता असंच राहावं. पंख्याने आपलं काम करू नये.

पण पंखा संघाचा होता. तोही अध्यक्षांच्याच बाजूने झुकला. शीट हळूहळू वळली. बाबांची कड दिसली, मग नुसती रेघ, आणि मग आप्पासाहेब आले.

फेटा खाली, हनुवटी वर. वर वळलेल्या मिशीची टोकं आता दुःखाने खाली लोंबत होती. चेहऱ्यावर तेच तेज, पण पिंपळाला लटकलेल्या वटवाघळाचं. आणि सगळ्यात वर, छताजवळ, तोंडावर आपटल्यासारखी उलटी अक्षरं, 'शोकाकुल'.

शीट तशीच वळत राहिली. बाबा आले, सरळ. मग आप्पासाहेब, उलटे. मग बाबा.

मागच्या रांगेतून एक आवाज आला, "दुःखानं पार उलटं झालंय बघा माणूस."

पहिलं हसू बायकांच्या बाजूला फुटलं, तेही पदराआड. मग ते पसरलं. आप्पासाहेबांनी मागे वळून पाहिलं तेव्हा बाबांची पाळी होती, त्यामुळे त्यांना काही कळेना. ते परत सभेकडे वळले तर सभा आणखी हसली.

"शांतता! शांतता राखा!" काका उठून ओरडले, आणि घाईघाईत त्यांना सुचला तो उपाय त्यांनी केला. "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली!"

सगळे उभे राहिले. ती दोन मिनिटं मी कधी विसरणार नाही. दोनशे माणसं ओठ चावून, खाली माना घालून उभी, आणि समोर पंख्याच्या वाऱ्यावर बाबा, आप्पासाहेब, बाबा, आप्पासाहेब. खांदे हलत होते. कोणाच्या तरी नाकातून शिट्टीसारखा आवाज निघाला. लाटकर तर रडता रडता हसायला लागले होते, आणि मग परत रडता येईना म्हणून माझ्याकडे अपराध्यासारखे बघत होते.

पर्समधल्या खुंटीभोवती माझी मूठ घट्ट मिटलेली होती. लोकांना वाटलं असेल, पोरगी दुःख आवरतेय.

सभेनंतर आप्पासाहेब माझ्याजवळ आले. फेट्याखाली कपाळ लाल झालं होतं. "ठेवा तुमचं मशीन," म्हणाले. "उलट्या काळजाचं आहे ते."

शब्दाला जागले. हे मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगते. काकांची कार्यकारिणीतली जागा एका सिमेंटवाल्याला गेली. काका पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या वर्षात त्यांच्या मानेला बरीच विश्रांती मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विश्वजित एकटाच शेडवर आला. ते चित्र त्याने परत आणलं होतं. ते त्याने भिंतीला टेकवून ठेवलं, बाबा बाहेरच्या बाजूला. मग मशीनजवळ जाऊन त्याने पाचव्या खुंटीच्या रिकाम्या भोकात बोट घातलं.

"पानासारखी उलटायची होती," तो म्हणाला. "बाजूनं. तशी उलटली असती तर पाचही बसल्या असत्या, आणि दोन्ही बाजू सरळ आल्या असत्या. भाकरीसारखी उलटली की ही खुंटी अडवते. त्यासाठीच होती ना ती?"

"हो."

"ताई, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. जाताना दारात थांबून म्हणाला, "मिस्त्री असते तर बोलले असते."

"नसते बोलले," मी म्हटलं. पण तोवर तो गेला होता.

नसतेच बोलले. कारण ती पाचवी खुंटी माझ्यामुळे आलेली होती. पहिल्याच वर्षी, आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी एक मोठा तक्ता केला होता. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला त्याची मुळं. मी शीट अशीच भाकरीसारखी उलटली, आणि दिवसभर रंगवून झाडाची मुळं आभाळात गेली. बाबांनी तक्ता पाहिला. टोपणं बोटांतून काढून एकेक मार्करला घातली. एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी गेले तर टेबलावर पाचवी खुंटी होती.

"ही कशाला?" मी विचारलं होतं.

"माणूस चुकणारच," म्हणाले. "माणसानं सांगितलं की लागतं. खुंटीनं सांगितलं की लागत नाही."

ती खुंटी माझा अपमान होऊ नये म्हणून होती. ती पर्समध्ये घालून मी त्यांच्याच शोकसभेला गेले होते. मशीन मला मिळालं. शोकसभा मात्र बाबांची राहिली नाही. आजही वसाहतीत कोणाला विचारा, "वामनमिस्त्रींची सभा?" तर तो आधी हसतो. "आप्पासाहेब उलटे झाले तीच ना?" बाबांबद्दल त्या दिवशी कोण काय बोललं, ते कोणालाच आठवत नाही. बोलायचं राहूनच गेलं होतं.

विश्वजित गेल्यावर मी पर्समधून खुंटी काढली, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून परत बसवली.

याला अकरा वर्षं झाली. गेल्या श्रावणात आप्पासाहेब गेले. अध्यक्षपद आधीच गेलं होतं. तेराव्याच्या आधी विश्वजित शेडवर आला. केस पिकले होते.

"ताई, काकांचं चित्र पायजे होतं. सभेला." मग पटकन म्हणाला, "एकाच बाजूनं करा."

मी त्याच्याकडून फोटो घेतला. कोट तोच होता. मी म्हटलं, "कोट काढू या?" तो म्हणाला, "काढा."

सगळा दिवस त्यात गेला. फेट्याचा केशरी, मिशीचा काळा. मिशीची टोकं मी हवी तेवढी वर वळवली. काळ्याचं टोपण माझ्या तर्जनीवर होतं. एक बाजू झाल्यावर मी शीट उचलली, पान उलटावं तशी बाजूने उलटली आणि पाचही खुंट्यांवर बसवली.

"एकच बाजू म्हटलं होतं ओ," विश्वजित दारातून म्हणाला.

"गप बस. टोपणं धर."

त्याने हात पुढे केला. मी एकेक टोपण त्याच्या बोटांत घातलं.

सभेला सतरा माणसं होती. दारासमोर चित्र टांगलेलं, वर पंखा. येताना आप्पासाहेब दिसले, सरळ. जाताना आप्पासाहेब दिसले, सरळ. त्यांना जन्मभर नेमकं हेच हवं होतं. कोणी हसलं नाही.